नवनाथ, तुझे शब्द मी हसण्यावारी नेले

नवनाथ, त्या ग्रामसभेत अख्खं गाव तुला हसलं, ते मी हसवलं. गावाला वाटतं, गुरुजींच्या तोंडून सहज एक वाक्य निघून गेलं. ते सहज निघालेलं नव्हतं. बोलण्याआधी मी एकदा मुकादम अण्णाकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे पाहिलं, आणि मग बोललो. विचार करण्याइतका वेळ माझ्याकडे होता. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तू गेल्यावर हे जाणणारा मी एकटाच उरलो, असं मला तुझ्या दहाव्यापर्यंत वाटत होतं.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाच्या मागं मनात राग ठेवू नये. मला राग आहे, आणि त्यातला थोडा तुझ्यावरही आहे. सात वर्षं तू मला तोंड उघडू दिलं नाहीस, आणि मी ते उघडायच्या बेतात असताना निघून गेलास. पण तुझ्यावरचा राग चिमूटभर. बाकीचा सगळा मी अण्णासाठी राखून ठेवलाय.

तुझ्या घराकडे वळायच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीसमोर, अण्णानं तुझा फ्लेक्स लावलाय. तुझा फोटो आधार कार्डावरून घेतलेला, पुसट, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या खाली अण्णा हात जोडून उभा, तुझ्या दुप्पट आकाराचा. आणि वर लाल अक्षरात काय लिहिलंय माहिती आहे? ‘वाचनवेडा ऊसतोड कामगार हरपला.’ वाचनवेडा. ज्या माणसानं तुझ्या वाचनाची चारचौघांत लक्तरं केली, त्यानंच आता त्याचं तोरण बांधलं. मी रोज त्या रस्त्यानं शाळेत जातो. पिशवीत हस्तकलेची कात्री असते. अजून फ्लेक्स फाडलेला नाही. रोज घरी येऊन ती कात्री परत कपाटात ठेवताना मला माझीच किळस येते.

तुझा पाय मोडला त्या वर्षापासून सांगतो, कारण तुझ्याबद्दल लिहायचं तर तिथूनच लिहावं लागतं. हंगाम संपता संपता उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तू घसरलास आणि पायात सळई टाकावी लागली. पाय लवकर जुळला नाही, आणि जन्मापासून पहिल्यांदा तू पुढच्या दिवाळीनंतर गावात राहिलास. आपण दोघं एकाच वर्षी पहिलीत बसलो होतो, पण तू दरवर्षी आईबापाबरोबर कारखान्याला जायचास आणि गुढीपाडव्याला परत यायचास. तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा. चौथीत तुझं नाव पटावरून गळलं. मी शिकलो, डीएड केलं, फिरून फिरून आपल्याच गावच्या शाळेत आलो. तू कोयता घेतलास.

त्या हिवाळ्यात तू बाजेवर पडून कंटाळला होतास. मला म्हणालास, दिल्या, शाळेत काही वाचायला असलं तर दे, पण शेतीचं देऊ नको आणि देवाचंबी देऊ नको. मी कपाट उघडलं. एक जाडजूड कादंबरी होती. वेष्टण नव्हतं, पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळे तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं. मुलांना ती जड जायची म्हणून पडून होती. मी ती तुला खरंतर गमतीनं दिली. मला वाटलं, चार दिवसांत परत देशील.

गोष्ट एका कुंभाराच्या मुलीची. ती कोरड्या विहिरीतून खाली उतरते आणि एका राज्यात पोचते. तिथला राजा लोकांचे प्रतिध्वनी गोळा करतो आणि एका बुरुजात कोंडून ठेवतो. ज्याचा प्रतिध्वनी गेला, त्याचं बोलणं समोरच्याला ऐकू येईनासं होतं. मुलगी तो बुरूज फोडायला निघते. वाटेत दगडाचे घोडे, उलट वाहणारी नदी, दिवसा झोपणारं शहर.

तू वाचायचास बोट ठेवून, ओठ हलवत. सुरुवातीला दिवसाला अर्धं पान. अडलेल्या शब्दाखाली जळक्या काडीनं खूण करायचास, आणि मधल्या सुट्टीत मला मिस्ड कॉल द्यायचास. मी फोन केला की अर्थ विचारायचा नाहीस. अर्थ तू सांगायचास. बाण मारले, तोफा मारल्या, तरी भिंत पडत नाही, म्हणजे अभेद्य म्हणजे न फुटणारं, बरोबर का? बरोबर. कुणी बोलावलेलं नसताना म्हातारा जवळ येऊन बसतो, म्हणजे अनाहूत म्हणजे आगंतुक, बरोबर का? बरोबर. मला शब्दकोशातून चार ओळी वाचून दाखवायची खाज असायची. तू म्हणायचास, थांब बे, आधी मला हुडकू दे. दहातले आठ अर्थ तू असे गोष्टीतूनच उकरून काढलेस. चुकलास तेव्हाही असा चुकलास की हसून पोट दुखावं. दोन प्रकरणं तू ‘हताश’ म्हणजे सैनिकांची एक पलटण समजत होतास. हताश सैनिक आले, हताश सैनिक गेले. तिसऱ्या प्रकरणात राणी हताश झाली तेव्हा तू फोनवर गंभीरपणे विचारलंस, बाईमाणूस कसं काय भरती झालं.

आणि तुझा तो नियम. नवा शब्द जिवंत माणसाशी बोलताना तीनदा वापरल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. घर तुझ्या बायकोवर, मंदावहिनींवर आलं होतं; त्या कापूस वेचून दमून यायच्या, घाईघाईत भाकरी थापायच्या. तू म्हणालास, आज भाकर अभेद्य झालीय. वहिनींनी तुझ्याकडे न बघता सांगितलं, मग उपाशी ऱ्हावा, बुरूज फोडायला निगालेत मोठे. नेकनूरच्या बाजारात तू न्हाव्याला म्हणालास, कल्ल्याची सरहद्द ओलांडू नको. एसटीच्या कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हटल्यावर तू त्याला म्हणालास की ही प्रवाशांची अवहेलना हाय, आणि तो इतका दचकला की त्यानं तुला बसायला जागा करून दिली.

प्रतिध्वनी हा शब्द आला त्या दिवशी तू कुबडी घेऊन म्हसोबाच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत गेलास. मी शाळा सुटल्यावर तुला शोधत आलो तर तू कठड्याला धरून वाकला होतास आणि विहिरीत ओरडत होतास, प्रतिध्वनी, प्रतिध्वनी. विहीर तुला तोच शब्द परत देत होती. मला पाहून लाजलास. मग म्हणालास, चाळीस वर्षं हेच्यात ओरडत आलो दिल्या, पर हेला नाव हाय हे आज कळलं. मी वीस वर्षं मुलांना हा शब्द शिकवत होतो. तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा मला त्या संध्याकाळी वाटला. हे ऋण मी तुझ्याजवळ कधी बोललो नाही. तुझ्यासमोर मला गुरुजी राहायचं होतं.

पुस्तक संपलं तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी भांडलास. शेवटी मुलगी बुरूज फोडते, सगळ्यांचे आवाज मोकळे होतात, राजा एकटा उरतो, आणि ती त्याला सोडून देते. जा म्हणते. मी म्हणालो, हीच तर तिची थोरवी. तू भडकलास. एवढं चालली ती, एवढी माणसं मुकी मेली, आणि शेवटाला नुसतं जा? तू मला विचारलंस, “ज्याच्या पायी दोन पिढ्या मुक्या झाल्या, त्याला मोकळं सोडायचा हक्क तिला कुणी दिला? तिनं मेलेल्यांना इचारलं का?” मी पुस्तकी उत्तर दिलं. सूड घेणारा स्वतःही राजासारखाच होतो, वगैरे. तू म्हणालास, होऊ दे की. आपलं हे भांडण अर्धवटच राहिलं. आज मी तुझ्या बाजूचा आहे, नवनाथ. मला कुणाला सोडून द्यायचं नाही.

त्या वर्षी दुसरी एक गोष्ट घडली, तीच खरी. तुझा पाय मोडला म्हणून तुझी मुलगी शीतल घरी राहिली. सहावीत होती. दरवर्षी तीही तुमच्याबरोबर उसाच्या फडात जायची, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायची, धाकट्यांना सांभाळायची, आणि परत आली की मागच्या बाकावर बसून फळ्याकडे परक्यासारखी बघायची. त्या वर्षी ती जूनपासून एप्रिलपर्यंत अख्खं वर्ष वर्गात बसली आणि पहिली आली. तू निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिलास. मला म्हणालास, म्हंजे पोरीत खोट न्हवती. वर्षच अर्धं देत होतो आपण तिला.

तेव्हापासून तुझं एकच चाललं. पाय बरा होत होता, पुढच्या हंगामाला जावंच लागणार होतं, पण शीतलला न्यायचं नव्हतं. शेजारच्या गावात हंगामी वसतिगृह होतं. आईबाप तोडीला गेले की पोरं गावातच राहतात, शाळेशेजारी दोन वेळचं जेवण, झोपायला खोली, सांभाळायला एक बाई. आपल्या गावानं तसा ठराव करून पाठवायचा होता. चाळीस-पन्नास पोरांचा प्रश्न होता. तुझ्यासाठी एकीचा.

अण्णाला ते नको होतं. अण्णा मुकादम, कारखान्यांना तोडीची माणसं पुरवायचा, त्याच्या टोळ्या होत्या. पोरं मागं राहिली की बाया मधेच परत यायचं म्हणतात, ताप आला की बाप फड सोडून पळतो, टोळी मोडते. पोरं फडावर असली की माणसं जागची हलत नाहीत. हे तो उघड बोलायचा नाही. लेकरं आईजवळच बरी, एवढंच म्हणायचा.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. मी भिंतीला टेकून बसलो होतो, शाळेची वही घेऊन, कारण हजेरीला मास्तर लागतो. तू उभा राहिलास. कुबडी नव्हती, पण लंगडत होतास. मला वाटलं दोन वाक्यं बोलशील आणि बसशील. तू म्हणालास, “आमी सहा महिने जातो ते पोटासाठी. आमची लेकरं कशापायी जातात? त्यांनी कुणाचं काय घेतलंय? आमी पळून जाऊ नये म्हणून आमची लेकरं ओलीस धरलेली हायेत, आणि धरणाऱ्याला आपण मालक म्हणतो.”

ओलीस. पुस्तकात राजा डोंगरातल्या लोकांची मुलं ओलीस ठेवतो, तिथून तू तो शब्द घेतला होतास. म्हातारी माणसं पुढे सरकून बसली. तुझ्या बोलण्यात एकही शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता. मी दहा वर्षं स्नेहसंमेलनात भाषणं करत होतो, माझ्या भाषणाला कधी कुणी असं पुढे सरकून बसलं नव्हतं. मला जे वाटलं त्याला तेव्हा मी अभिमान म्हणालो. तो मत्सर होता.

अण्णा हसला. तो तुझ्याकडे वळलाच नाही, माझ्याकडे वळला. म्हणाला, “गुरुजी, भाषण झकास लिहिलंय तुमी. सरकारी पगार घेऊन गावात आग लावायचा नवा विषय आलाय का अभ्यासक्रमात?”

बदलीचे दिवस होते. त्याच महिन्यात एका शिक्षकाला त्यानं वरच्या ओळखी वापरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवल्याची चर्चा होती. माझी आई आजारी होती. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीत की ती आता गुळगुळीत झालीत. मी एवढंच म्हणू शकलो असतो की भाषण मी लिहिलेलं नाही, ते त्याचं आहे. खरं होतं, आणि तेवढं पुरलं असतं. मी म्हणालो, “छे हो अण्णा, माझा काही संबंध नाही. आमच्या शाळेच्या कपाटातलं लहान मुलांचं जादूचं पुस्तक वाचतो तो. राजाबिजा, बोलके बुरूज, दगडाचे घोडे. तिथलेच शब्द आहेत सगळे.”

मग अण्णा म्हणाला, मंजी आमी राक्षस का बे? आणि पारावर हशा फुटला. लहान मुलांचं पुस्तक. चाळिशीचा बाप्या आणि जादूचे घोडे. कुणीतरी विचारलं, नवनाथ, तुझा घोडा कुठं बांधलाय? जे पुढे सरकून बसले होते ते मागे टेकून हसले. ठराव मांडलाच गेला नाही. तू उभाच होतास. तू अण्णाकडे पाहिलं नाहीस, हसणाऱ्यांकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस, आणि खाली बसलास.

दुसऱ्या दिवशी तू पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत आणून दिलंस. काडीच्या सगळ्या खुणा खोडरबरानं पुसल्या होत्यास. म्हणालास, गुरुजी, घ्या, तुमचं कपाट भरून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा तू मला तुमी म्हणालास. मी तुझा हात धरायला गेलो तर तू पावती मागितलीस. पुस्तक जमा झाल्याची पावती द्या, उद्या आणिक काई निगायला नको. मी ती लिहून दिली. सही केली. तू घडी घालून खिशात ठेवलीस.

गावानं तुला घोडेवाला म्हणायला सुरुवात केली. तू नवे शब्द बोलणं सोडून दिलंस. न्हाव्याकडे गप्प बसायचास, एसटीत गप्प बसायचास. दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रॅक्टर पारापुढून निघाला. शीतल ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसली होती, मांडीवर धाकटा. मी शाळेच्या फाटकात होतो. तिनं हात केला नाही. पाडव्याला ती परत आली तेव्हा मी घरी गेलो, शाळेत पाठव म्हणालो. तू म्हणालास, ती न्हाई म्हणतीय गुरुजी, तिला मागच्या बाकावर बसायची लाज वाटती. दहावीला ती बसलीच नाही. आज ती एकोणीस वर्षांची आहे, लग्न झालंय, आणि नवऱ्याबरोबर तिचाही कोयता चालतो.

मी काय केलं या सात वर्षांत? अण्णाचा सूड घेत होतो. ऐक आणि थुंक माझ्यावर. सव्वीस जानेवारीला तो झेंड्याला यायचा, तेव्हा फळ्यावरचं त्याचं स्वागत मी मुद्दाम तिरकं लिहायचो. त्याच्या घरच्या लग्नांना गेलो नाही, पोट बिघडल्याचं कळवलं. मनातल्या मनात त्याची गाडी मी शंभरदा ओढ्यात घातली. बायकोला वाटायचं मी वर्गाची टाचणं काढतोय, आणि मी वहीत त्याला पारावर उभं करून भाषणं लिहीत बसायचो. असल्या सूडासाठी एक वेळचा चहाही सोडावा लागत नाही. प्रत्येक भाषणात मी तुझा मित्र होतो. एकाही भाषणात माझं ते वाक्य नव्हतं.

तुझ्याकडे मी तीनदा आलो माफी मागायला. एकदा वहिनी समोर होत्या म्हणून हवापाण्याचं बोललो. एकदा तू बैलाला पाणी पाजत होतास, म्हणालास, काई काम होतं का गुरुजी, आणि मी रेशनकार्डाचं विचारलं. तिसऱ्यांदा या दिवाळीत, तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी. मी उंबऱ्यापर्यंत आलो. आतून तुझा आवाज येत होता. तू धाकट्या पोराला गोष्ट सांगत होतास, विहिरीतून खाली उतरणाऱ्या मुलीची. मी तसाच मागे फिरलो. मनात म्हटलं, पाडव्याला बोलू. पाडव्याआधीच तुला फडावरच्या कोपीतून, त्या पाचटाच्या झोपडीतून आणलं, पांढऱ्या चादरीत.

दहावा ओढ्याकाठच्या महादेवापाशी झाला. पिंड ठेवले, कावळ्याची वाट पाहत माणसं बसली, आणि रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. अण्णानं मंडप दिला होता, माईक दिला होता, म्हणून पहिला तोच उठला. म्हणाला, नवनाथ माझ्या धाकट्या भावासारखा. म्हणाला, त्याच्या वाचनाचं मला लई कौतुक होतं, मी सारखं म्हणायचो, वाच बाबा, वाच. आणि जाहीर केलं की तुझ्या नावानं गावात वाचनालय काढणार. लोकांनी मान डोलावली. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, नाहीतर वाजवल्या असत्या.

मी तीन दिवस तयारी केली होती. खिशात चार कागद होते. पुढे जाऊन मी माईक घेतला आणि कागद न काढता बोललो, कारण ते सगळं सात वर्षांत पाठ झालेलं होतं. मी त्याला नावानं हाक मारली. विचारलं, वसतिगृहाचा ठराव कुणी पाडला? त्या दिवशी हा माणूस पारावर उभा राहिला तेव्हा मंजी आमी राक्षस का बे असं कोण म्हणालं? ज्याला हसून गप्प केलं त्याच्या नावानं वाचनालय काढायला तुझी जीभ कशी रेटते? गावात किती पोरी ट्रॉलीत बसून गेल्या त्यांची नावं मी एकेक घेतली. बाया ऐकत होत्या. काही जणींनी पदर डोळ्याला लावला, काही जणी अण्णाकडे सरळ बघत होत्या, असं मी आपल्या गावात कधी पाहिलं नव्हतं. अण्णाचा चेहरा उतरला. माईक बंद झाला, कुणीतरी वायर ओढली असावी. मी बिनमाईकचा बोलत राहिलो. अण्णा उठला, पिंडांना हात जोडले आणि गाडीकडे चालत गेला. त्याच्यामागे त्याची दहाएक माणसं गेली. बाकीची बसून राहिली.

तुला खोटं सांगणार नाही, नवनाथ. मला गोड वाटलं. त्याची पाठ बघताना सात वर्षांची तहान भागल्यासारखं वाटलं. तू असतास तर मला परत दिल्या म्हणाला असतास, असंही वाटलं. मी खाली बसायला वळलो.

तेव्हा बायांच्या रांगेतून शीतल बोलली. उठून उभी नाही राहिली, आवाजही मोठा नव्हता. “सर, अण्णाचं सगळं सांगितलं. आता तुमचं सांगा की.”

मला वाटलं तिला माहीत नसेल. ती तेव्हा बारा वर्षांची, पाराच्या मागे मैत्रिणींबरोबर उभी होती, तिनं माझं वाक्य ऐकलं होतं. मी बोलण्याआधी तुझ्याकडे पाहिलं, तेही तिनं पाहिलं होतं, हे तिनं तिथंच सांगितलं. मंदावहिनींनी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना कोयत्याचे घट्टे होते.

मंडपातली माणसं उठायच्या बेतात होती, ती पुन्हा बसली. मी चप्पल काढून ठेवली, बायांच्या रांगेपाशी गेलो आणि तिच्यासमोर खाली मातीत बसलो. शाळेतली भाषा माझ्या तोंडातून गेली होती. मी म्हणालो:

“शीतल, अण्णा हासला ते नंतर. तुज्या बापाला आधी मी हासवलं. अण्णा मला म्हणाला व्हता, भाषण तुमी लिव्हलं. त्ये तुज्या बापाचं हाय, एवढं म्हणून मला गप बसता आलं असतं. मी गप बसलो न्हाई. मला बदलीचं भ्या व्हतं. आणि तुजा बाप माज्यापेक्षा चांगलं बोलला, ते मला बगवलं न्हाई. समजून उमजून बोललो मी. तुजी शाळा त्या दिवशी माज्या तोंडानं गेली, त्यात निस्ता अण्णाचाच हात न्हवता. सात वर्षं मी तुज्या बापाला हे बोललो न्हाई, आन् आता त्यो ऐकायला न्हाई. वहिनी, मला माफ करा. पोरी, मला माफ कर. नवनाथ, माजं चुकलं.”